रॉकेटच्या किटवर पैसे घालण्याआधी

पांढुर्णा आणि सौंसरची कितीतरी मुलं-मुली आता नागपूर, भोपाळ, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकतात. अशा कॉलेजांत रॉकेट बनवणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट असतात. मग एखाद्या रविवारी घरी फोन येतो. "बाबा, किट घ्यायचं आहे. कार्बन फायबरचं. थोडे पैसे लागतील."

तुम्ही संत्र्याचा बहार आणि कापसाचा भाव जाणणारी माणसं. कार्बन फायबर कशाला म्हणतात आणि फायबरग्लास कशाला, हे तुम्हाला कोण सांगणार? मुलाला नाही म्हणवत नाही. हो म्हणायचा धीरही होत नाही. तुमच्यासाठीच हे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. पहिलं मोठं रॉकेट फायबरग्लासचं घ्या. कार्बनला घाई नको. वाचलेले पैसे पॅराशूट, उंची मोजणारं यंत्र आणि रॉकेट शोधणारं यंत्र यांवर घाला. आणि इंजिनाचा प्रश्न सुटेपर्यंत यातलं काहीच घेऊ नका.

इंजिनाचं आधी सांगतो, कारण फसगत तिथेच होते.

किटच्या खोक्यात इंजिन नसतं. त्यात नळी असते, टोकदार नाक असतं, शेपटीचे पंख असतात, काहींत पॅराशूट आणि मजबूत पट्टाही असतो. हे सगळं बिनधोक सामान आहे. पण ते उडवणारं घन इंधन वेगळं घ्यावं लागतं, आणि ते आपल्या देशात स्फोटकांच्या कायद्यात येतं. १८८४ चा कायदा आहे, २००८ चे नियम आहेत. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं, जवळ ठेवणं, विकणं, बाहेरून मागवणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. साध्या कुरिअरने ते मागवता येत नाही. कुणी म्हणालं, "पाठवून देतो, खोक्यावर दुसरंच लिहितो," तर त्या माणसाशी व्यवहार करू नका. पार्सल पकडलं गेलं तर नाव तुमच्या मुलाचं असेल आणि पत्ता तुमच्या घराचा.

या सगळ्यावर देखरेख करणारी सरकारी संस्था म्हणजे पेसो. तिचं मुख्य कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. नियम काय आहेत, कोणत्या कामाला कोणता परवाना लागतो, हे तिथे विचारता येतं. विचारायला लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी इंधन बनवायचं नाही. स्वयंपाकघरात नाही, वावरातल्या खोलीत नाही, गच्चीवर नाही. मोबाईलवर असे व्हिडिओ खूप दिसतात. ते पाहून मुलं म्हणतात, सोपं आहे. सोपं नाही. भारताच्या घन इंधनामागे पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकरांसारख्या शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. ते काम प्रयोगशाळेत होतं, अंतर राखून होतं, प्रत्येक पायरीचे नियम पाळून होतं. नागपूरच्या आसपास स्फोटकांचे कारखाने आहेत. तिथे शिकलेली, सरावलेली माणसं असतात, तरी दुर्घटनेच्या बातम्या आपण वाचतो. मुलगा सुट्टीत घरी आला आणि पांढऱ्या पावडरीची पाकिटं दिसली तर शांतपणे विचारा. रागावू नका. रागावलात तर तो लपवून करेल, आणि लपून केलेलं काम जास्त धोक्याचं.

मग इंजिन मिळणार कुठून? कॉलेजकडून किंवा स्पर्धेच्या आयोजकांकडून. दुसरा सरळ रस्ता सामान्य घराला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेटची राष्ट्रीय स्पर्धा झाली. इस्रो आणि इन-स्पेस या सरकारी संस्था तिच्यामागे होत्या. अशा ठिकाणी परवानगी, जागा, पोलीस, दवाखाना यांची सोय आयोजक पाहतात. तुमच्या मुलाचं रॉकेट उडायचं असेल तर ते अशाच छत्राखाली उडू द्या.

इंजिनाचं उत्तर मिळालं, की मग किटकडे वळा.

आधी "मोठं रॉकेट" कशाला म्हणतात ते समजून घ्या. रॉकेटच्या इंजिनांना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. ए सगळ्यात लहानांपैकी. पुढच्या प्रत्येक अक्षराला ताकदीची मर्यादा दुप्पट होते. जी पर्यंतची लहान मॉडेल रॉकेटं. एच पासून पुढे मोठ्या ताकदीची. अमेरिकेत १९५७ पासून शौकिनांची एक राष्ट्रीय संघटना आहे. तिथे मोठ्या ताकदीचं रॉकेट स्वतःच्या जबाबदारीवर उडवायला वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात आणि परीक्षा द्यावी लागते. पहिल्या पायरीला एच आणि आय, दुसऱ्या पायरीला जे, के, एल. त्यापुढची तिसरी. पहिली पायरी पार केल्याशिवाय दुसरी मिळत नाही.

म्हणून मुलाला पहिला प्रश्न हा विचारा: "इंजिन कोणत्या अक्षराचं?"

उत्तर एच किंवा आय आलं तर खरं म्हणजे जाड पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुडचे पंखसुद्धा चालतात. जगभरात कितीतरी लोक पहिली परीक्षा पुठ्ठ्याच्या रॉकेटवरच देतात. यात कमीपणा काही नाही. उत्तर जे किंवा के आलं तर फायबरग्लास घ्या. कार्बनची खरी गरज त्याच्याही पुढे लागते. रॉकेट आवाजाच्या वेगाहून जोरात जाणार असेल, म्हणजे ताशी साधारण बाराशे किलोमीटरच्या वर, तेव्हा पातळ पंख थरथरून तुटू शकतात. तिथे कार्बनचा ताठपणा कामी येतो. स्पर्धेत वजनाची कडक मर्यादा असेल तरीही कार्बन कामी येतो, कारण तो हलका आहे.

मुलगा म्हणेल, "बाबा, विक्रम-एस कार्बनचं होतं." खरं आहे. १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून उडालेलं ते रॉकेट कार्बनच्या सांगाड्याचं होतं आणि ८९.५ किलोमीटर उंच गेलं. भारतातल्या खासगी कंपनीचं ते पहिलं रॉकेट. अभिमानाचीच गोष्ट. पण तुमच्या मुलाचं रॉकेट हजार मीटर जाणार आहे. ८९ किलोमीटरच्या प्रवासाला जे लागतं, ते एका किलोमीटरला लागत नाही.

आता दोन्ही सामानांतला फरक.

फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक धागे आणि इपॉक्सी नावाची घट्ट होणारी राळ. कार्बन फायबरमध्ये तीच राळ, धागे कार्बनचे. धाग्याला धागा लावून पाहिला तर कार्बन काचेच्या तिप्पट ताठ असतो. तयार झालेली वस्तूही हलकी होते. कार्बनचे हे गुण खरेच आहेत.

पण हलकेपणा आणि ताठपणा यापलीकडे घराला आणखी काही पाहावं लागतं.

पहिली गोष्ट, रॉकेट परत सापडणं. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे तो रेडिओच्या लहरी अडवतो. रॉकेटच्या पोटात जीपीएस आणि छोटा ट्रान्समीटर असतो. कार्बनच्या नळीत तो स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवलेल्या रेडिओसारखा होतो. खाली उभ्या मुलांना संदेश मिळत नाही. फायबरग्लासमधून लहरी आरपार जातात. विमानाच्या नाकात रडार असतं. बाकी विमान कशाचंही असो, ते नाक लहरी अडवणार नाही अशाच सामानाचं करतात, आणि त्यात काचेचे धागे खूप वापरले जातात. म्हणून कार्बनचं रॉकेट करणारे जाणकारही नाक आणि यंत्रांचा कप्पा फायबरग्लासचा ठेवतात. विक्रेता "पूर्ण कार्बन" असं कौतुकाने सांगू लागला तर विचारा, "मग अँटेना कुठे बसवायचा?"

हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे. हिशेब करून पाहा. रॉकेट हजार मीटर गेलं आणि पॅराशूटवर सेकंदाला पाच मीटर या वेगाने उतरलं, तर खाली यायला दोनशे सेकंद लागतात. वारा सेकंदाला पाच मीटर असेल तर तेवढ्या वेळात ते एक किलोमीटर वाहून जातं. एक किलोमीटर म्हणजे कुणाची तरी संत्र्याची बाग, कुणाची तरी पऱ्हाटी, एखादी बिनकठड्याची विहीर किंवा शेजारचं गाव. कमरेइतक्या कापसात पडलेलं रॉकेट दहा पावलांवरून दिसत नाही. संदेश आला नाही तर सगळे पैसे तिथेच गेले.

दुसरी गोष्ट, तडा दिसणं. रॉकेट जोरात उतरलं की नळीला मार बसतो. फायबरग्लासची न रंगवलेली नळी उजेडासमोर धरा. मार बसलेली जागा पांढरट दिसते. लगेच कळतं की ही जागा कमजोर झाली. कार्बन काळा. आतला थर सुटला तरी वरून तो छान दिसतो. मुलं म्हणतात, काही झालं नाही, आणि पुन्हा उडवतात. दुसऱ्या उड्डाणात नळी हवेत फुटते. तुकडे माणसांवर येतात.

अशा वेळी नाण्याने नळीवर हलकं ठोकून बघतात. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. मुलाला ही सवय लावा. दोन्ही प्रकारच्या नळ्यांवर ही तपासणी चालते.

तिसरी गोष्ट, ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. उन्हात काळी नळी त्याहून कितीतरी जास्त तापते. घरगुती तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी फार तापलं की मऊ पडू लागतं. पंखांचा जोड तिथे ढिला होतो. कार्बन असो की काळा रंग दिलेला फायबरग्लास, गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका. फायबरग्लासला पांढरा किंवा पिवळा रंग द्या. तो कमी तापतो आणि हिरव्या वावरात लवकर दिसतो.

चौथी गोष्ट, पैसा. त्याच मापाचं कार्बनचं किट फायबरग्लासच्या सहज दुप्पट किमतीला पडू शकतं. बाहेरच्या देशातून आलं तर वर भाडं, सीमाशुल्क आणि जीएसटी. किंमत विचारताना "घरी पोहोचेपर्यंत एकूण किती" असं विचारा. पहिलं रॉकेट तुटतंच असं नाही, पण तुटू शकतं, हे धरून चाला. फायबरग्लासचा तुटलेला पंख काचकापड आणि इपॉक्सी लावून मुलं स्वतः दुरुस्त करतात. हे काचकापड नागपुरात सहज मिळतं. फायबरच्या टाक्या आणि मूर्ती करणारे कारागीर तेच वापरतात. त्यांच्याकडे एक दिवस मुलाला बसवा. पुस्तकात नसलेलं पुष्कळ शिकेल.

फायबरग्लासमध्ये दोष नाहीत असं नाही. तो जड आहे. जड रॉकेटला तेवढंच उंच जायला जास्त ताकदीचं इंजिन लागतं. शेपटीकडे वजन वाढलं तर रॉकेट सरळ न जाता गटांगळ्या खातं. म्हणून शेपटीला हवं तेवढं इपॉक्सी थापू नका म्हणावं. दोन्हींचा मेळही घालता येतो. नळी आणि नाक फायबरग्लासचं, पंखांवर कार्बनचा एक थर. पुढे कधी वेग वाढवायचा झाला तर हा मार्ग चांगला.

आता घरातली काळजी. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा सामान घरी घेऊन येईल आणि ओसरीवर कानस लावून बसेल, म्हणून सांगतो.

दोन्ही सामानांची धूळ वाईट आहे. घासताना बारीक कण उडतात, श्वासात जातात, त्वचेत टोचतात. काचेच्या कणांनी अंगाला खाज सुटते. म्हणून घासकाम घराबाहेर अंगणात करा. पाणी लावून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला एन-९५ मास्क, डोळ्याला चष्मा, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. ते कपडे वेगळे धुवा. लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नका. घरात कुणाला दमा असेल तर हे काम घरी नकोच, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होऊ द्या.

कार्बनच्या धुळीचा आणखी एक त्रास. तिच्यातून वीज वाहते. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, टीव्हीत ती शिरली तर आत शॉर्ट होऊ शकतो. फायबरग्लासच्या धुळीत हा धोका नाही.

इपॉक्सी मिसळताना खिडक्या उघड्या ठेवा. हाताला लागू देऊ नका. काहींना वारंवार लागून त्याची कायमची ॲलर्जी होते, मग नुसत्या वासानेही अंगावर पुरळ उठतं. स्वयंपाकाच्या वाटीत, चमच्याने ते कधीच मिसळू नका.

उरलेले तुकडे जाळू नका. चुलीत नको, शेकोटीत नको. धूर विषारी असतो आणि बारीक धागे हवेत उडतात. उकिरड्यावरही टाकू नका. गाई-बैल तोंड घालतात, आणि तेच खत उद्या तुमच्या वावरात जातं. पिशवीत बांधून नगरपालिकेच्या कचरागाडीत सुक्या कचऱ्यात द्या.

आता उडवण्याची जागा. "आपल्याच वावरात उडवू," असं मुलं उत्साहाने म्हणतात. त्यांचा उत्साह मला आवडतो, पण इथे नाही म्हणा.

त्या अमेरिकन संघटनेच्या नियमात मोठ्या ताकदीच्या बहुतेक रॉकेटांसाठी उड्डाणाच्या मैदानाची सगळ्यात लहान बाजू निदान साडेचारशे मीटर लागते. रॉकेट उंच जाणारं असेल तर उंचीच्या निम्मी. म्हणजे निदान पन्नास एकरांचं सलग मोकळं रान. त्यात घर नको, रस्ता नको, विजेच्या तारा नकोत, झाडं नकोत. वारा ताशी बत्तीस किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण बंद. पेटवताना एच इंजिनालाही माणसं निदान तीस मीटर लांब. जांब नदीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नजर टाका. बागा, बांध, विहिरी, मोटारपंपाच्या तारा. तसं रान आपल्याकडे कुठे आहे? वरून नागपूरला येणारी-जाणारी विमानंही असतात.

गोटमारीची दगडफेक पाहिलेल्या माणसाला वरून येणाऱ्या जड वस्तूबद्दल वेगळं सांगायला नको. पॅराशूट उघडलं नाही तर तीन किलोचं टोकदार रॉकेट ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीत घुसतं. फायबरग्लास आणि कार्बन इथे सारखेच. म्हणून पोळ्याला, जामसावळीच्या गर्दीत, गणपतीत, "गावाला दाखवू" म्हणून कधीही उडवू नका. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं. एक ठिणगी पुरते. कापूस वेचून ठेवलेल्या घराजवळ तर विषयच नको.

कॉलेजच्या कामासाठी आपल्या भागात छोटं प्रात्यक्षिक करायचंच असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यातच आहे. कलेक्टर कचेरीसाठी आता छिंदवाड्याला जावं लागत नाही. अर्ज शिक्षकांच्या सहीने आणि कॉलेजच्या कागदावर द्या. पोलीस ठाण्याला प्रत द्या. तोंडी "हो" वर थांबू नका.

आणि रॉकेट विजेच्या तारेवर अडकलं तर ते तिथेच राहू द्या. बांबूने काढू नका. कार्बनमधून वीज वाहते हे वर सांगितलंच आहे. वीज कंपनीला फोन करा. विहिरीत पडलं तर मुलाला उतरू देऊ नका. दुसऱ्याच्या बागेत पडलं तर आधी मालकाला भेटा, मग आत जा. फांदी मोडली असेल, फळं गळली असतील तर भरपाई द्या. ही माणसं उद्याही तुमच्या शेजारीच राहणार आहेत.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी उंची मोजणारं आणि पॅराशूट सोडणारं यंत्र, चांगल्या प्रतीचं. मग पॅराशूट आणि पट्टा. पॅराशूट दोन असली तर उत्तम. उंचावर लहान उघडतं आणि रॉकेट भराभर खाली येतं, जमिनीजवळ मोठं उघडतं. त्यामुळे ते वाऱ्याने फार लांब जात नाही. मग शोधयंत्र. शेवटी नळी आणि पंख. बहुतेक मुलं उलट्या क्रमाने जातात. चकचकीत काळी नळी आधी घेतात आणि पॅराशूटसाठी पैसे उरत नाहीत.

किट हातात आलं की खोकं घरीच उघडून बघा. नळी आतून-बाहेरून पाहा. टोकं गोल आहेत ना, पंखांच्या खाचा सरळ आहेत ना, नाक नळीत नीट बसतं ना. मुलाला सांगा, मला समजावून दे. त्याला समजावता आलं तर त्याला समजलं आहे.

एकट्या मुलावर सगळा खर्च येत असेल तर थांबा. हे काम गटाचं असतं. पाच-सहा घरांत विभागलं तर ओझं होत नाही. मुलगी या गटात असेल तर तिला कागद लिहायला आणि बॅनर धरायला बसवत नाहीत ना, एवढं विचारा. तिलाही इपॉक्सी मिसळता आलं पाहिजे आणि यंत्र जोडता आलं पाहिजे.

पैसे पाठवण्याआधी मार्गदर्शक शिक्षकांना स्वतः फोन करा. चार गोष्टी विचारा. इंजिन कोण देणार? परवानगीचा कागद कुणाच्या नावावर? उड्डाण कोणत्या मैदानावर, कोणत्या तारखेला? तिथे शिक्षक स्वतः हजर असतील का? उत्तरं वहीत लिहून ठेवा. चारही मिळाली तर फायबरग्लासच्या किटचे पैसे पाठवा. एकही राहिलं तर मुलाला सांगा, उत्तर आलं की त्याच दिवशी पाठवतो.